‘सरकारी जावई’ कोण होतं, यावर थोडं लांब उत्तर

माझ्या आधीच्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की इंग्लंड-अमेरिका आगबोटी चालवणाऱ्या क्युनार्ड आणि व्हाइट स्टार (टायटॅनिकवाली) या ब्रिटिश कंपन्यांना मी सरकारी जावई ठरवलं, उद्योजकांची धडाडी मातीत घातली, क्युनार्डची ब्रिटानिया ही इंग्लंडहून अमेरिकेला गेलेली पहिली आगबोट असं ठोकून दिलं आणि टायटॅनिकच्या कंपनीला उगाच अमेरिकन म्हटलं.

ब्रिटानियाचं चुकलंच. सिरियस आणि इंजिनिअर ब्रुनेलची ग्रेट वेस्टर्न या आगबोटी १८३८ मध्येच न्यूयॉर्कला पोचल्या होत्या, ब्रिटानिया लिव्हरपूलहून सुटली ४ जुलै १८४० ला. दुरुस्त केलंय, थँक्स.

पण गंमत बघा, इथे तुमचाच मुद्दा उलटतो. ब्रिस्टलचे ग्रेट वेस्टर्नवाले आधी पोचले, बोट उत्तम, धडाडी म्हणाल तर पोत्याने, आणि ब्रिटिश सरकारचं टपालाचं कंत्राट मिळालं कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या सॅम्युअल क्युनार्डला, ज्याच्या बोटी अजून बांधायच्या होत्या! वर्षाला ६०,००० पौंडांच्या आसपास, पॅसेंजर येवोत न येवोत. (टायटॅनिकच्या आधी लावतात ते आरएमएस म्हणजे तेच, रॉयल मेल. आपल्या स्टेशनवरचं आरएमएस वेगळं, ते रेल्वेचं टपाल.) मग १८४३ मध्ये क्युनार्डची कोलंबिया खडकावर आपटून गेली तरी कंपनी चालू राहिली, आणि १८४६ मध्ये त्याच ब्रिस्टलवाल्यांची ग्रेट ब्रिटन ही बोट आयर्लंडच्या किनाऱ्यावर रुतली तर त्यांचा बाजारच उठला. फक्त कंत्राट नव्हतं म्हणून बुडाले असं नाही म्हणत, पण एक फटका खाऊन उभं राहायला महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा लागतो हो.

धडाडीचं उदाहरण द्यायचंच तर तुम्ही लिव्हरपूलच्या विल्यम इनमनचं द्यायला हवं होतं. १८५० मध्ये टपालाच्या पैशाशिवाय सुरुवात केली, आणि कायमचं अमेरिकेला निघालेल्या गरीब लोकांना आगबोटीत जागा द्यायला लागला, बाकीचे तेव्हा श्रीमंतांच्या केबिनीच मोजत होते. हे माझ्या लेखात राहिलं, मान्य.

टायटॅनिकचं मात्र मागे घेणार नाही. नोंदणी लिव्हरपूलची, झेंडा ब्रिटिश, खलाशी बहुतेक ब्रिटिश, सगळं खरं, पण व्हाइट स्टार १९०२ मध्येच अमेरिकन बँकर जे. पी. मॉर्गनच्या ट्रस्टने (बऱ्याच जहाज कंपन्यांची मोट बांधलेली कंपनी) घेतली होती, म्हणजे नफा शेवटी कुठे जाणार ते तुम्हीच सांगा. आणि त्याच धसक्याने ब्रिटिश सरकारने क्युनार्डला २६ लाख पौंड पावणेतीन टक्क्यांनी दिले, वर दरसाल दीड लाख, अट एवढीच की कंपनी ब्रिटिश राहायची आणि बोटी युद्धात नौदलाला द्यायच्या. त्यातनं १९०७ ला लुसिटानिया आणि मॉरेटानिया आल्या. असल्या व्याजाने बँक तुम्हाआम्हाला दारातही उभं करणार नाही.

पुढे मंदीत तर काही झाकायचं उरलंच नाही. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या गोदीत क्युनार्डच्या नव्या बोटीचा, ५३४ नंबरचा सांगाडा डिसेंबर १९३१ पासून अर्धवट उभा, हजारो कामगार घरी. सरकार म्हणालं, पैसे देतो पण आधी दोघी एक व्हा. १९३४ मध्ये क्युनार्ड आणि व्हाइट स्टार, इतक्या वर्षांच्या सवती, एका घरात नांदायला लागल्या, ९५ लाख पौंड मंजूर झाले आणि तो सांगाडा क्वीन मेरी म्हणून पाण्यात उतरला.

तेव्हा ‘सगळं सरकारी पैशावर’ असं मी लिहिलं नव्हतं, ‘अडलं की सरकारी पैशावर’ असं लिहिलं होतं, परत एकदा वाचून बघा. विमानांमुळे हा धंदा कसा बसला त्याबद्दल तुम्ही विचारलंय, ते पुढच्या पोस्टमध्ये घेतो, इथे आधीच फार लांबलं.