बोजीचा धर्म स्वीडनहून आलेला नाही

सध्या बराच फिरणारा एक मजकूर इथिओपियाच्या पश्चिम वोल्लेगातल्या बोजी या ग्रामीण भागाचा धार्मिक इतिहास चार वाक्यांत उरकतो. इथल्या ओरोमो लोकांना धर्म असा नव्हता. स्वीडिश मिशनऱ्यांनी येऊन तो दिला. बायबल त्यांनीच ओरोमोत आणलं. आणि त्यानंतर जुनं सगळं पुसलं गेलं. चारही वाक्यं चुकीची आहेत, आणि त्यांत ज्यांची नावं गाळली गेली आहेत त्यांच्यावर हा मोठा अन्याय आहे.

'धर्म नव्हता' हे आधी घेऊ. ओरोमोंचा देव वाका. हाच शब्द आकाशालाही चालतो. माणसाला, कुळाला, दिवसालासुद्धा आपापला अयाना, म्हणजे वाकाकडून आलेलं चैतन्य, असतो, काल्लू हे धर्मविधींचं पद असतं, आणि कुणी कुणाशी कसं वागायचं याची मर्यादा म्हणजे साफू. पावसाळा सरला की हिरवं गवत आणि फुलं हातात घेऊन पाण्याकाठी जायचं, गवत पाण्यात बुडवून अंगावर शिंपडायचं, वाकाचे आभार मानायचे: ही इर्रेचा. बायकांचा आतेते हा विधी वेगळा. दक्षिणेकडच्या बोराना आणि गुजी ओरोमोंत कॉफीचाही विधी आहे. सालासकट अख्ख्या बोंडांची टोकं दातांनी तोडायची आणि ती लोण्यात परतायची. त्याला नावच बुना कला, म्हणजे कॉफीचा बळी. देऊळ नाही, पोथी नाही, म्हणून धर्म नाही असं म्हणणाऱ्यांनी ओरोमो बायबल उघडून पाहावं. भाषांतरकारांनी देवासाठी बाहेरून शब्द आणला नाही. त्यातला देव 'वाकायो'च आहे.

स्वीडिश लोकांनी ख्रिस्ती धर्म आणला, हे तर तारखांतच बसत नाही. वोल्लेगातल्या नेकेमतेचे सत्ताधीश मोरोदा यांनी १८८२ मध्ये मेनेलिकच्या, म्हणजे पुढे इथिओपियाचा सम्राट झालेल्या राजाच्या, बाजूचं वर्चस्व मान्य केलं आणि त्यापाठोपाठ ऑर्थोडॉक्स चर्च या मुलखात आलं. मोरोदांचा मुलगा कुम्सा बाप्तिस्म्यानंतर गेब्रे एग्झियाबेर झाला. त्याच सुमारास, १८८१-८२ मध्ये, स्वीडिश मिशनची तुकडी सुदानमार्गे ओरोमो मुलखात शिरायला निघाली होती; ती सुदान सीमेजवळच्या आसोसापर्यंत पोचून परत फिरली. १८९८ मध्ये बोजीत पोचले ते गेब्रे एवोस्तातेओस आणि दानिएल लुलू. गेब्रे एवोस्तातेओस एरिट्रियाचे, ऑर्थोडॉक्स दीक्षा घेतलेले पाद्री. दानिएल स्वतः ओरोमो. चर्चच्या चौकटीत राहूनच लोकांना त्यांच्या भाषेत शिकवायचं, ही गेब्रे एवोस्तातेओस यांची रीत होती. १९०५ मध्ये आगीत त्यांचा अंत झाला. स्वीडिश मंडळी वोल्लेगात मुक्कामाला आली ती १९२०च्या दशकात. पैसा, छापखाना आणि शिक्षण मिशनचं होतं, हे मान्यच करायला हवं. पण ते घेऊन गावात शिरलेली माणसं आफ्रिकेचीच होती.

तिसरा, बायबलचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. ओनेसिमोस नेसिब हे ओरोमो; ते लहानपणी पळवले गेले, पुन्हा पुन्हा विकले गेले आणि १८७० मध्ये मसावा बंदरात सुटले. आस्तेर गन्नो हीसुद्धा गुलामीतून सुटलेली. नवा करार १८९३ मध्ये आणि पूर्ण बायबल १८९९ मध्ये छापलं गेलं, ते या दोघांच्या कष्टावर. आस्तेरला ओरोमो अस्सल येत होती. शब्दसंग्रह तिने केला, कोडी, म्हणी आणि गोष्टीही गोळा केल्या, आणि त्यांतल्या काही १८९४ च्या वाचनपुस्तकात आल्या.

अडचण होती लिपीची. छपाई गीझ या इथिओपियाच्या जुन्या लिपीच्या अक्षरांत होती आणि त्या लिपीत व्यंजनाचं द्वित्व दिसत नाही. 'बदा' म्हणजे वाईट, 'बद्दा' म्हणजे थंड डोंगराळ मुलूख. गीझमध्ये दोन्हींत 'द' एकदाच. देवनागरीत जोडाक्षराने हे काम भागतं, तिथे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. स्वर ऱ्हस्व-दीर्घ धरून दहा, गीझच्या बाराखडीत रूपं सात. 'लफा' म्हणजे जमीन, 'लाफा' म्हणजे मऊ. ओरोमोतल्या खास 'ध'साठी तर निराळं अक्षरच लागलं. १९९१ मध्ये क्युबे ही रोमन लिपी स्वीकारली गेली. तिच्यात द्वित्व आणि दीर्घ स्वर, दोन्ही अक्षर दुप्पट लिहून दाखवतात.

ओनेसिमोस १९०४ मध्ये वोल्लेगात परतले आणि ओरोमोत प्रवचन करू लागले. तिथल्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंना ती भाषा समजत नव्हती. तक्रार झाली, १९०६ मध्ये त्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. मेनेलिकने तो फिरवला, पण प्रवचनाची बंदी राहिली. ती १९१६ मध्ये उठली.

राहता राहिलं 'जुनं पुसलं गेलं'. जुन्या श्रद्धेला सैतानी ठरवण्यात मिशनचा वाटा होता, ते झाकण्यात अर्थ नाही. पण अब्बा मुदा या ओरोमोंच्या सर्वोच्च धर्मप्रमुखाकडे जाणारी पायी यात्रा १९००च्या सुमारास बंद केली ती मेनेलिकच्या राजवटीने. आणि संपलं म्हणावं, तर २०१६ मध्ये युनेस्कोने गदा पद्धतीची, म्हणजे वयोगटांवर उभ्या असलेल्या ओरोमोंच्या पारंपरिक समाजव्यवस्थेची, नोंद केली ती चालू परंपरा म्हणूनच. २००७ च्या जनगणनेत ओरोमियात ४७.५ टक्के मुस्लिम, ३०.५ टक्के ऑर्थोडॉक्स, १७.७ टक्के प्रोटेस्टंट आणि ३.३ टक्के पारंपरिक धर्माचे आहेत. हे ३.३ टक्के म्हणजे फक्त तशी नोंद देणारे. इर्रेचाला पाण्याकाठी गवत घेऊन उभे राहणाऱ्यांत चर्चला जाणारेही असतात आणि मशिदीत जाणारेही.