खराब झाली वं बाई!

मराठीवर माझे प्रेम आहे आणि एकोणीस वर्षांपासून गावातल्या शाळेत मी तीच शिकवते. पण ज्या भाषेत अंगावर मांस चढले की माणूस ‘सुधारतो’ आणि उतरले की ‘खराब होतो’, त्या भाषेत वजन कमी करायला निघालेल्या बाईने धीर कोणत्या शब्दांतून गोळा करावा, हे मला परवाच्या रविवारपासून कळेनासे झाले आहे.

रविवारी मामेसासऱ्यांच्या शेतातल्या मारुतीपुढे रोडग्यांचे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, जेवण होते. संक्रांतीनंतरच्या बारा आठवड्यांत माझे वजन ८४ वरून ७८.२ किलोवर आले होते, आणि त्याचा पुरावा म्हणून दोन्ही बाजूंनी टीप मारून आत घेतलेला ब्लाउज मी मुद्दाम घालून गेले होते. कोणीतरी पाहावे, एखादा चांगला शब्द काढावा, एवढीच माफक अपेक्षा होती. पाहिले, सगळ्यांनी पाहिले. मामीजींनी तर माझे मनगट धरून मला उन्हात ओढले, बटव्यातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वांगी चिरत बसलेल्या पंधरा बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात निदान केले, “काऊन वं बाई, इतकी खराब झाली? शुगर-बिगर निघाली का?” पंधरा विळ्या थांबल्या. कोणाला माझे डोळे खोल गेलेले दिसले, कोणाला चेहरा उतरलेला दिसला, आणि एकीने तर “गळ्याची हाडं दिसून रायली” असे जाहीर केले. अठ्ठ्याहत्तर किलोच्या बाईच्या गळ्याची हाडे! ती पाहायला मी स्वतः रोज सकाळी आरशापुढे मान तिरपी करून उभी राहते, आणि मला ती अजून एकदाही सापडलेली नाहीत.

मी स्वतःहून वजन कमी करते आहे, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितले आहे, हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले. त्यावर मामीजींनी आवाज खाली आणून विचारले, “नवरा काई म्हणते का?” नवरा त्या वेळी आंब्याखाली चौथ्या रोडग्यावर होता. त्याने पत्रावळीवरून मान न उचलता “मी काई म्हणत नाई जी” एवढेच सांगितले आणि वरण मागितले.

यानंतर जे घडले त्याला माझ्या लेखी आक्रमणाखेरीज दुसरा शब्द नाही. गोवऱ्यांच्या आरातून काढलेला रोडगा मामीजींनी फडक्यात घोळून राख झटकली, मुठीने दाबून फोडला, आणि आतले पदर वाफाळत उघडले तशी त्यांत तुपाची वाटी अर्धीअधिक रिकामी केली. ते तूप पत्रावळीवर ओघळलेसुद्धा नाही. कोरड्या जमिनीत मृगाचा पहिला पाऊस मुरावा तसे ते जागच्या जागी जिरले. मी हात आडवा धरला होता, तर बोटांवर तूप पडले. “एका रोडग्यानं काय होते वं?” त्या म्हणाल्या.

एका रोडग्याने काय होते ते मी सांगते, कारण या प्रश्नाचे उत्तर आजवर कोणी ऐकून घेतलेले नाही. ते तूप साठेक ग्रॅम तरी होते. शंभर ग्रॅम तुपात सुमारे ९०० कॅलरी असतात, म्हणजे नुसत्या तुपाच्या ५४० झाल्या. कणीक, वरण आणि वांग्याच्या भाजीवर तरंगणारा तेलाचा तवंग वेगळाच. मी पहाटे फाट्यापर्यंत जाऊन परत येते, ते पाच किलोमीटर होतात, आणि माझ्या वजनाच्या बाईच्या त्यात जेमतेम अडीचशे-तीनशे कॅलरी खर्ची पडतात. म्हणजे मामीजींच्या मनगटाच्या एका झटक्यात माझ्या दोन पहाटा गेल्या.

आणि त्या पहाटा काही फुकटच्या नाहीत. चैत्रातच ऊन असे तापते की सात वाजल्यानंतर चालणे शक्य नसते, म्हणून मी पाचला निघते. त्या वेळी रस्त्यावर कुत्री असतात, कडेच्या वावरातून रानडुकरे आडवी जातात, आणि या दोन्हींपेक्षा चिवट असे मोटारसायकलवाले असतात. आमच्या गावात रस्त्याने पायी जाणाऱ्या बाईचे कारण एकच असू शकते, ते म्हणजे तिची एसटी चुकली आहे. “कुठं चालल्या मॅडम?” “फिराले.” “कोणाकडं?” कोणाकडेच नाही, हे उत्तर आजवर एकालाही पटलेले नाही. ही मुले माझ्याच हाताखाली शिकली आहेत, त्यांच्या मनात निखळ आदर आहे, आणि ती सीट पुसून “बसा न मॅडम, सोडून देतो” म्हणतात तेव्हा त्यांच्यावर ओरडताही येत नाही. चौथ्या आठवड्यात एकदा मी बसलेसुद्धा. त्याने मला फाट्यावर सोडले, टपरीवर पोहे सांगितले, त्यावर न विचारता तर्री ओतवली आणि पैसे देऊ दिले नाहीत.

डॉक्टरांनी दिलेला आहाराचा कागद अजून फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे. त्यात ओट्स आहेत, ब्रोकोली आहे आणि ग्रीन टी आहे. आमच्या गुरुवारच्या बाजारात या दिवसांत वांगी, टमाटे, भोपळा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिळतो, आणि ब्रोकोली मागितली तर भाजीवाली ते कोणत्या कंपनीचे बियाणे आहे असे विचारते. त्याच कागदावर शेवटी ‘ज्वारीची भाकरी’ असे पेनाने लिहिले आहे. ही ज्वारी आमच्या शिवारातून सोयाबीनच्या नादाने आणि रानडुकरांच्या त्रासाने जवळपास उठली. जी भाकर माझी आजी गरिबीचे म्हणून खाई, ती आता मला दुकानातून पिशवीबंद पीठ आणून पथ्य म्हणून खावी लागते.

शाळेत पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून नोंदवहीत सही करायची असते. आमच्या शाळेत हे काम एकमताने माझ्याकडे आले. चव मॅडमलाच समजते, असे मुख्याध्यापक म्हणतात, आणि ते असे का म्हणतात हे मला चांगलेच समजते. शिवाय लेक पुण्याहून रोज सकाळी व्हिडिओ पाठवते. त्यांत एक कणकेच्या वातीएवढी मुलगी उड्या मारत ‘स्वतःवर प्रेम करा’ असे सांगत असते. माझे स्वतःवर पुष्कळ प्रेम आहे; ८४ किलो त्या प्रेमातूनच झाले होते.

नवऱ्याविषयी मी लिहिणार नव्हते, पण आता निघालेच आहे तर लिहिते. मी बारा आठवडे साखर सोडली, रात्रीचा भात सोडला, लग्नाच्या पंगतींत जिलबी दुसऱ्याच्या ताटात ढकलली. या माणसाने फक्त संध्याकाळचा आलूबोंडा बंद केला, तोही पित्तामुळे, आणि त्याचे तीन किलो उतरले. त्याला मात्र कोणी ‘खराब झाला’ म्हणाले नाही. तो म्हणे ‘हलका दिसून रायला’.

खरे तर आकड्यांचा विश्वासघात मला आधीच कळायला हवा होता. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तेव्हा मी स्टाफरूममध्ये फुटाणे वाटले, पण ती चरबी नव्हती, पाणी होते. शरीर साखरेचा साठा करते तेव्हा त्याच्यासोबत तिपटीने पाणी धरून ठेवते, आणि खाणे कमी झाले की आधी तेच निघून जाते. आम्ही कापूसवाले लोक. ओलाव्याचे वजन खरे वजन नसते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत पाठवतात. तो ओलावा मापणारा यंत्राची सुई कापसात खुपसतो तेव्हा ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याच्या घरची बाई मी, आणि मीच ओलाव्याला नफा समजून फुटाणे वाटले! त्यानंतर जे उतरले ते खरे, पण गेले पाच आठवडे काटा ७८.२ आणि ७८.६ यांच्यामध्येच घुटमळतो आहे, कारण वजन उतरू लागले की शरीरही खर्चाला हात आखडता घेते. भारतीयांसाठीच्या मापाने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात. १५५ सेंटीमीटर उंचीच्या माझ्यासाठी ती रेघ ६० किलोवर येते. म्हणजे मामीजींच्या दृष्टीने मी खराब होऊन संपत आले आहे, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने अजून अठरा किलो खराब व्हायचे बाकी आहे.

आता कबुलीजबाब. रविवारी मारुतीपुढे मी तो एकच रोडगा खाल्ला, तोही अर्धा, आणि उरलेला बाणेदारपणे नवऱ्याच्या पत्रावळीवर टाकला. परंतु मामीजींनी निघताना चार रोडगे बांधून दिले होते. रात्री एक वाजता, संतापाने झोप येत नसताना, मी स्वयंपाकघरातला दिवा न लावता त्यांतले दोन कुस्करले, गूळ चिरून घातला, आणि तूप मोजून घातले असे मी इथे लिहिले असते, पण अंधारात मोजणार कसे? त्या वेळी “एका रोडग्यानं काय होते” हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी, स्वतःच्या आवाजात ऐकले.

सोमवारी सकाळी काटा ७९.६. एका रात्रीत एक किलो चारशे ग्रॅम. किलोभर चरबीला सुमारे ७,७०० कॅलरी लागतात, तेव्हा हा आकडा खरा ठरवायला मला दहा हजारांवर कॅलरी जादा खाव्या लागल्या असत्या, आणि तेवढे मामीजींनाही साधले नसते. हे मीठ, पाणी आणि पोटातले ओझे आहे, दोन-तीन दिवसांत उतरेल, हे सगळे मला ठाऊक आहे. तरी मी काट्याला लाथ मारली. अंगठा अजून दुखतो.

तशीच लंगडत फाट्याकडे निघाले, तर नाल्याच्या पुलापाशी एक माजी विद्यार्थी मोटारसायकल घेऊन आडवा आला. तुमची तब्येत लय खराब आहे असे आजीने फोनवर सांगितले, बसा, असे त्याने म्हटले. मी नाही म्हटले. तो गेला नाही. मॅडमना चक्कर आली तर कोणी असावे म्हणून पहिला गिअर टाकून, दोन्ही पाय जमिनीला घासत, तो फाट्यापर्यंत माझ्या शेजारून चालवत आला, आणि सगळा धूर माझ्या तोंडावर.