हरिपूरच्या संगमावरचे दोन 'द'

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं टेबल सांभाळलं. तेव्हा गल्ली मला एकच प्रश्न विचारायची, तोही पावसाळ्यात. "काका, आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती. मी म्हणायचो, "३६ फूट." ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. आकडा ऐकला की माणूस निमूट घरी जायचा, झोपायला नाहीतर गाद्या माळ्यावर चढवायला. "३६ च का?" असं कुणी कधी विचारलं नाही.

निवृत्त झालो आणि बुद्धी फिरली. शेजारच्या अण्णांच्या मुलीची लग्नपत्रिका छापायला निघाली होती. तिच्या इंग्रजी बाजूला 'मॅरीड विथ' होतं, ते मी खोडून 'मॅरीड टू' केलं.

"'विथ' काढल्यावर लगीन कुणाशी लागलं म्हणायचं ओ?" अण्णा म्हणाले.

"इंग्रजीत 'टू'च असतं, अण्णा."

"का?"

"असतं."

मी त्यांचा जावईच खोडल्यासारखं अण्णांनी माझ्याकडं बघितलं. पण 'टू' छापलं गेलं, आणि काकांना इंग्रजी येतं ही बातमी गल्लीभर झाली.

येतं म्हणजे काय, तर 'विथ रेफरन्स टू युवर लेटर'पासून 'युवर्स फेथफुली'पर्यंत मी डोळे मिटून पोहतो. त्यापलीकडं पाय टेकत नाहीत.

रात्री साडेदहाला फ्लेक्सवाला पोरगा दारात. आमदारांचा वाढदिवस. "काका, 'अ एमएलए' का 'ॲन एमएलए'? एम काय स्वर न्हाई."

मला हे येत होतं. येणारा प्रश्न आला की माणूस जरा फुगतोच. म्हटलं, "बाळा, अक्षर बघू नको, कान लाव. 'अवर'मधला एच मुका, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'चा यू दिसायला स्वर, पण तोंडातनं 'य' निघतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. आता एमएलए म्हणून बघ, आधी काय निघतंय?"

"यम्मेले," तो म्हणाला. "य निघाला की! मग 'अ'च."

माझ्याच नियमानं मला चीत करून गडी गेला. फ्लेक्स चौकात आठवडाभर होता. मी भाजीला दुसऱ्या रस्त्यानं जात होतो.

खरी परीक्षा मात्र वरच्या मजल्यावरच्या पोरीनं घेतली. तिला कॅनडाला जायचंय, त्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. 'आय ॲम लिव्हिंग इन सांगली सिन्स ट्वेंटी इयर्स' असं लिहून आणलं. मी लाल पेन काढलं. सिन्सला खुंटी लागते आणि फॉरला दोरी, असं समजावलं. म्हणजे अमुक सालापासून असेल तर सिन्स, इतकी वर्षं असेल तर फॉर. आपलं 'पासून' बिचारं दोन्हीकडं राबतं. २००४ पासून म्हणा नाहीतर वीस वर्षांपासून म्हणा, तक्रार नाही. हे तिला पटलं. पण 'ॲम लिव्हिंग' खोडून 'हॅव बीन लिव्हिंग' केलं तशी ती उसळली. "काका, राहतेय की मी अजून! हे वाचून सोडून गेल्यासारखं वाटतंय." खरं सांगू? मलाही वाटतं.

मग 'द' आला. नदीला 'द', गावाला नाही. 'द हिमालयाज' म्हणायचं, पण एव्हरेस्ट नुसता. एवढी मोठी रांग 'द' घेऊन बसलीय आणि सगळ्यात उंच गडी बोडका. का, ते मला विचारू नका. तिनं विचारलंच.

"म्हणजे 'द कृष्णा', 'द वारणा'?"

"बरोबर."

"मग हरिपूरला संगम झाल्यावर वारणेचा 'द' कुठं जातो?"

बत्तीस वर्षांत कृष्णेचा थेंब न् थेंब कागदावर मोजला मी, पण हा हिशेब कधी लागला नव्हता. ही आतनं म्हणाली, "नरसोबाच्या वाडीला जात असेल. तिला चहा द्या आधी."

परवा रात्रभर कोयनेकडं पाऊस कोसळला. पहाटे पाचला अण्णांचा फोन. "काका, पाणी किती?"

इतकं बरं वाटलं! खाडकन उठलो, चौकशी केली, सांगितलं, "३८ फूट. घाबरू नका."

"घाबरतंय कोण," अण्णा म्हणाले. "स्टेटस टाकायचंय. वॉटर इज 'ॲट' ३८ फीट का 'ऑन' ३८ फीट?"