हुबळीत बंद पडलेली गाडी कोल्हापुरात पास

आज सकाळी पावणेअकराला मोबाईलवर मेसेज आला. आमच्या ट्रान्सपोर्टमधल्या एका ट्रकची पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, झाली. धूर 0.94, मर्यादा 1.62, निकाल पास, मुदत एक वर्ष. पेढे वाटायला हरकत नव्हती. पण ती गाडी कालपासून हुबळीच्या अलीकडे क्लच प्लेट जाळून रस्त्याकडेला उभी आहे. इंजिन चालू नाही आणि धूर मोजून झाला!

दिरांना फोन लावला. "वहिनी, मुदत संपत होती. जुना फोटो पाठवला, काम झालं. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेताय?" म्हणजे फोटो आमच्या गाडीचा आणि नळी कुठल्या तरी परक्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये. 2015 साली फोक्सवॅगनवाले पकडले गेले तेव्हा जगभर बोंब झाली होती, तपासणी चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर इंजिनात बसवलं म्हणून. एवढी हुशारी त्यांनी वाया घालवली. आमच्याकडे फोटोवर भागतं.

चिडले आहे ती सगळ्यात आधी स्वतःवर. नऊ गाड्यांचे कागद मी सांभाळते. पीयूसी नसेल तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, विम्याच्या वेळीही ती मागतात. तारखा मी भिंतीवर लिहून ठेवते. त्या भिंतीवर धुराबद्दल एक अक्षर नाही, नुसत्या तारखा.

2018 मध्ये एकदा मी हट्टाने गाडी खरोखर तपासून घेतली होती. 2011 ची दहा टायरी, बीएस-3, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली. शिरोलीतून फाउंड्रीचं कास्टिंग भरायचं, चाकणला उतरवायचं. चालवायला आप्पा, माझ्या लग्नाच्या आधीपासून आमच्याकडे. सेंटरवाला म्हणाला, "गाडी कशाला आणली वहिनी?" म्हटलं, आणली आहे तर मोज. इंजिन तापवलं, नळी घातली, आप्पांनी न्यूट्रलमध्ये रेस दिली. "अर्धीच द्या, अर्धीच द्या," हा ओरडतोय! मी म्हटलं, आप्पा, पूर्ण दाबा. मर्यादा 65 (हे माप वेगळं, आजच्या मेसेजमधलं नव्हे), मशीनवर आकडा 81. सेंटरवाल्याचा चेहरा माझ्यापेक्षा पडला. "फेल मारायची सवय नाही हो आम्हाला. गिऱ्हाईक परत येत नाही."

आप्पा शिरोलीच्या नाक्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पोरगं दहावीत नापास झाल्यासारखे बसून होते.

मग नोझल काढले, पंप कॅलिब्रेट केला, एअर फिल्टर बदलला. आतून फाउंड्रीची काळी भुकटी ओंजळभर निघाली. एकोणीस हजार रुपये गेले आणि तीन दिवसांचं भाडं बुडालं. घरात माझ्याशी दोन दिवस कुणी धड बोललं नाही.

असला खर्च मी एकटीने का करायचा, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. शेजारचा ट्रान्सपोर्टवाला फोटो पाठवून माझ्यापेक्षा कमी भाड्यात माल उचलतो. कास्टिंगवाल्या शेठला गाडी वेळेत आणि स्वस्तात लागते. तिचा धूर त्यांनी कधी विचारला आहे? वर तेच ओव्हरलोड भरायला लावतात. मग तपासणीत रिकामी, गिअर न टाकलेली गाडी पास होते, आणि माल भरून घाट चढताना तीच काळा ढग सोडते. चढावर मोजत कोण नाही.

हो, 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या खरंच स्वच्छ आहेत. मान्य. पण गेल्याच आठवड्यात एक मेकॅनिक ऑफिसात येऊन सांगून गेला, "युरिया बंद करून देतो, सेन्सरला फसवणारा डबा बसवतो, गाडीला कळणार पण नाही." शंभर लिटर डिझेलमागे चार-पाच लिटर युरिया वाचतो म्हणे. तो युरिया धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी वायूवर मारा करायला असतो. तो वायू काळा नसतो, आणि डिझेल गाडीत पीयूसीचं मशीन फक्त काळेपणा मोजतं. त्यामुळे डबा बसवलेली गाडीही पास. मी विचारलं, तपासणीत सापडलं तर? तो हसला. मीही त्याला चहा पाजूनच पाठवला, हे लिहायला लाज वाटते.

'पीयूसी नाही तर डिझेल नाही' असं आता ऐकू येतंय. करा. आमच्याकडे नऊच्या नऊ गाड्यांची पीयूसी तयार आहे. बंद पडलेल्या गाडीचीसुद्धा आहे!

सेंटरवाल्यावर तरी किती चिडायचं? एका गाडीमागे शे-दीडशे रुपये. त्यात जागेचं भाडं, लाईट बिल, एक पोरगा कामाला. फेल मारली तर उद्या सगळा धंदा समोरच्याकडे. दिरांचंही तसं चुकलं म्हणवत नाही. पीयूसी संपलेली गाडी नाक्यावर अडली असती तर आज मीच त्यांच्यावर ओरडले असते.

पण आप्पांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या खेपेला पुण्याकडून येताना खंबाटकी चढून वर आले आणि फोन केला. मला वाटलं गाडी बंद पडली. म्हणाले, "वहिनी, आरशात मागची गाडी दिसतीया." आधी त्या घाटात आरशात नुसतं काळं असायचं. गाडीचं ॲव्हरेज 3.4 चं 3.8 झालं, ते त्यांनी नंतर, फोन ठेवता ठेवता सांगितलं. मी ते आधी वहीत लिहिलं. आरशाचं कुठं लिहिणार?

हुबळीची गाडी गुरुवारी येते. आप्पांच्या पोरालाच सांगितलंय, गोडाऊनला लावायच्या आधी सेंटरवर ने. सेंटरवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "पास झालेली गाडी परत कशाला तपासायची? सिस्टीममध्ये पुढच्या वर्षापर्यंत व्हॅलिड आहे." म्हटलं, पैसे पुन्हा घे, पावती देऊ नकोस, पण नळी घाल.

दीर संध्याकाळी येऊन गेले. चहा न घेताच गेले.