दाढेतली गुंतवणूक

रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर कॅप कशाची बसवायची, हे डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला विचारलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं. पण माझी भूल उतरायची होती, जीभ जागेवर नव्हती, आणि सोबत आई आली होती. "मेटल-सिरॅमिक, झिर्कोनिया किंवा सोनं," बाई म्हणाल्या. पहिली दोन नावं आईच्या कानावरून गेली.

"सोन्याला घडणावळ किती?"

बाईंनी आपल्या परीने समजावलं. कॅपला दोन-तीन ग्रॅम धातू लागतो. २०२५ साली तोळ्याने लाखाचा आकडा ओलांडला, त्यामुळे हल्ली सोन्याची कॅप कुणी मागत नाही. शिवाय चोवीस कॅरेटचं सोनं दाढेत टिकत नाही, मऊ पडतं. म्हणून त्यात चांदी, तांबं, पॅलेडियम मिसळतात.

"म्हणजे भेसळ!" आई म्हणाली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ती मीच केली होती.

संध्याकाळपर्यंत माझी दाढ सगळ्या नातेवाइकांत पोचली. सांगलीच्या मामांचा फोन आला, "हॉलमार्क बघून घे रे. ९१६चा शिक्का पाहिजे." शिक्का नेमका कुठे मारायचा, यावर ते म्हणाले, "आतल्या बाजूने." आत्याला मोडीचा भाव हवा होता. मावशी मात्र लांबचा विचार करणारी. शेवटच्या घटकेला तोंडात तुळशीपत्र, गंगाजल आणि सोन्याचा कण ठेवतात. त्यातल्या एकाची आताच सोय होते, असं तिने अगदी मायेने सांगितलं.

यात चावण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वास्तविक सोन्याची खरी थोरवी तिथेच आहे. दाढेसाठीचा सोन्याचा मिश्रधातू साधारण दाताच्या कवचाइतकाच झिजतो, त्यामुळे समोरच्या दाढेला त्रास देत नाही. त्याचा टवका उडत नाही. पातळ पत्र्यावर भागतं म्हणून खालची दाढही कमी तासावी लागते. घडवायची रीत सोनाराच्या ओतीव दागिन्याचीच : मेणाची दाढ करायची, भोवती साचा ओतायचा, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं सोनं सोडायचं. दातांच्या कामात ही रीत विल्यम टॅगार्ट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९०७ साली रूढ केली. इटलीतल्या एट्रुस्कन बायका तर अडीच हजार वर्षांपूर्वीच दातांना सोन्याच्या पट्ट्या बांधून घेत. लोक सोनं खरं की खोटं हे चावून बघतात. मला सोन्यानेच चावायला मिळणार होतं.

भाच्याचा आक्षेप वेगळा होता. "मामा, दाढेत करून दिसणार कुणाला? पुढच्या दातांना करा. ग्रिल्झ!" त्याने मोबाइलवर न्यूयॉर्कचे रॅपर दाखवले. १९८०च्या दशकात एडी प्लेन नावाच्या सुरिनाममधून आलेल्या माणसाने तिथे सोन्याच्या कॅपांचं दुकान थाटलं आणि हिप-हॉपवाल्यांचे जबडे झळकू लागले. ग्रिल्झ काढता-घालता येतात, जेवताना काढून ठेवायच्या. म्हणजे दात असून चावायचं नाही! उझबेकिस्तान-ताजिकिस्तानात सोव्हिएत काळापासून पुढचे दात सोन्याने मढवतात, ते किमान जेवतात तरी त्यांनी. पण मिरवणं आपल्याकडे चालायचं नाही. आपलं सोनं लग्नाला बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी लॉकरमध्ये जातं. त्या हिशेबाने दाढ ही जागा अगदी आपल्या वळणाची. आईला हे पटलं. तिने फक्त लॉकरचं भाडं पडणार नाही ना, याची खात्री करून घेतली.

मग मापं. लोखंडी ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून बाईंनी तो माझ्या तोंडात दाबला. थंडगार लगदा टाळ्याच्या मागे सरकायला लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाई म्हणाल्या, "नाकाने श्वास घ्या, पायाचे अंगठे हलवा." अंगठ्यांचा संबंध मला अजून कळलेला नाही, पण मी इमानेइतबारे हलवले. तेवढ्यात आईने विचारलं, "अहो डॉक्टर, दाढ तासता ती भुकटी कुठे जाते?" तासत होत्या ती माझीच दाढ, सोनं अजून यायचं होतं; पण आईला आधीपासूनच हिशेब ठेवायचा होता.

कॅप बसली. निळा कागद दाढांमध्ये धरून "टकटक चावा" झालं, उंचवटा घासला. घासलेली भुकटी आईने रुमालात मागून घेतली.

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे मला आ करावा लागतो. आई मोबाइलचा टॉर्च धरते. आजीने गोष्टीतला कर्ण काढला. रणांगणावर मरता मरता त्याने दगडाने सोन्याचा दात पाडून दान दिला होता. "तू असलं काही करू नकोस हो," ती म्हणाली.

लक्ष्मीपूजनाला आईने रीतीप्रमाणे घरातलं सगळं सोनं पाटावर मांडलं. बांगड्या, मोहनमाळ, बाळलेणी, रुमालातली भुकटी. एक डाग कमी भरत होता. मला पाटाशेजारी बसवलं, आ करायला लावलं आणि आईने नेम धरून आत अक्षता टाकल्या. गुरुजींनी मान वळवून विचारलं, "हळदकुंकू कुठे वाहायचं?"