राखेचं सिमेंट भेसळ नव्हे, आणि गिलावा झडतो तो राखेमुळे नव्हे

पावसाळा सरला की मुंबईतल्या इमारतींना परांच्या लागतात, आणि त्याच सुमारास सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘दुरुस्तीत राखेचं किंवा स्लॅगचं सिमेंट वापरू देऊ नका. तो कारखान्यांचा कचरा आहे, निव्वळ भेसळ. गिलावा दोन पावसाळ्यांत झडतो, सळया गंजतात, घरात किरणोत्सर्ग होतो. फक्त ५३ ग्रेड मागा. पर्यावरण हा कंपन्यांचा बहाणा आहे.’ मी इमारत दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करतो. हा मजकूर वाचून घाबरलेली माणसं सभेत भेटतात. त्यांची भीती खरी आहे, कारण पैसा त्यांच्या आयुष्यभराच्या बचतीतला असतो. म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

आधी ‘भेसळ’. भेसळ म्हणजे गिऱ्हाईकाला न सांगता मिसळलेली वस्तू. राखेचं सिमेंट म्हणजे पीपीसी; त्यात औष्णिक वीजकेंद्रात जळलेल्या कोळशाची बारीक राख मिसळलेली असते. त्याच्या पोत्यावर राखेचं प्रमाण छापलेलं असतं. भारतीय मानक १४८९ नुसार ते १५ ते ३५ टक्के असावं लागतं. स्लॅग सिमेंटसाठी मानक ४५५ आहे आणि त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग चालतं. हे स्लॅग म्हणजे लोखंड वितळताना वर तरंगणारी मळी. आपल्याकडे पेणजवळ डोलवीच्या पोलाद कारखान्यात ती निघते. पाण्याच्या झोताने ती एकदम थंड केली की तिचे काचेसारखे दाणे होतात, आणि ते दळून सिमेंटजोगी भुकटी मिळते. दगडासारखं थंड होऊ दिलेलं स्लॅग हे काम करत नाही.

भेसळ खरोखर होते ती वेगळ्या जागी. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातून उपसलेली ओली, जाडी राख कुणी साइटवर घमेल्याने मिसळली, तर तो गुन्हाच समजा. तिची बारीकता तपासलेली नसते, न जळलेला कोळसा किती उरलाय तेही कुणी पाहिलेलं नसतं. कारखान्यात मोजून मिसळलेल्या राखेला या पापाची शिक्षा देऊ नये.

आता मुख्य आरोप, गिलावा झडण्याचा. सिमेंटचा पाण्याशी संयोग झाला की ताकद देणाऱ्या घटकाबरोबर विरलेला चुनाही तयार होतो. जुन्या छज्जाखाली चिरेतून पांढरे ओघळ दिसतात ना, तो हाच चुना पाण्याबरोबर बाहेर आलेला असतो. राखेतली सिलिका या चुन्याला धरते आणि त्याचंच आणखी बांधणारं द्रव्य करते. छिद्रं बारीक होतात, पाण्याची वाट अडते. ही युक्ती आपल्याला नवी नाही. चुन्याच्या घाणीत सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालत ती याच कारणासाठी.

पण राख सावकाश काम करते, आणि सगळी गोम तिथेच आहे. तिला ओल लागते, दिवस लागतात. काँक्रीटसाठी मानक ४५६ सांगतं, साधं सिमेंट असेल तर किमान ७ दिवस पाणी मारा, राखेचं किंवा स्लॅगचं असेल तर १० दिवस. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर साध्यालाही किमान १०, आणि राखेच्या वा स्लॅगच्या मालाला १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. गिलाव्यालाही मी हाच हिशेब लावतो. अंधेरीच्या एका इमारतीत एकाच मालाने चारही बाजू केल्या होत्या. तीन टिकल्या, पश्चिमेची फुगली. त्या बाजूला नळी पोचत नव्हती आणि कंत्राटदाराने तिसऱ्या दिवशीच पाणी मारणं थांबवलं होतं. रहिवाशांनी दोष दिला पोत्याला. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण दहा दिवस पाणी मारायला दोन माणसांची मजुरी पुरली असती.

‘फक्त ५३ ग्रेड’ हा आग्रह तर गिलाव्याचं नुकसानच करतो. ५३ म्हणजे २८ दिवसांनी प्रमाणित चाचणीत ५३ मेगापास्कल (दाब सोसण्याचं माप) ताकद. पीपीसीला ३३ पुरते. आणि विटांच्या जोडकामाच्या मसाल्याला मानक २२५० किती मागतं? ०.५ ते ७.५. एवढ्या कामाला ५३ ग्रेड लागतच नाही. उलट जास्त तगडा, जास्त सिमेंटचा माल सुकताना आकसतो, केसासारख्या चिरा पडतात, आणि जुलैचा आडवा पाऊस तिथूनच आत शिरतो.

सळयांच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. राख जास्त आणि पाणी कमी मारलं, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये लवकर खोल जातो आणि सळईचं संरक्षण कमी होतं. पण वर्सोवा किंवा वरळीला सळईचा मोठा शत्रू खारं वारं आहे. त्यातले क्लोराइड अडवण्यात नीट पाणी मारलेलं राखेचं वा स्लॅगचं काँक्रीट साध्यापेक्षा सरस ठरतं. सह्याद्रीतल्या घाटघर धरणाच्या काँक्रीटमध्ये तर सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. सळया उघड्या पडल्या असतील तिथे अर्थात साधा माल नाहीच चालत, पॉलिमरचाच मसाला भरा.

किरणोत्सर्गाबद्दल थोडक्यात. कोळशाच्या राखेत युरेनियम आणि थोरियमचे अंश असतात. ते माती-खडकातही असतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९७ साली, राखेतलं प्रमाण सामान्य खडकांच्याच पातळीचं आहे, घाबरण्याजोगं नाही, असं नोंदवलं. ज्यांच्या खोल्यांच्या भिंती हलक्या पांढुरक्या ब्लॉकच्या आहेत, त्यांच्या घरात बहुधा आधीपासूनच राख आहे.

राहिला ‘बहाणा’. चुनखडी १४५० अंशांच्या आसपास भाजली जाते तेव्हा इंधनाचा धूर तर होतोच, पण निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द दगडातून सुटतो. इंधन बदलून तो जात नाही, क्लिंकर, म्हणजे या भाजणीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे खडेच कमी वापरावे लागतात. ५० किलोच्या साध्या पोत्यामागे साधारण ४० किलो वायू सुटतो. ३० टक्के राख असेल तर सुमारे २८. एका इमारतीच्या गिलाव्याला शेकडो पोती लागतात.

सिमेंट मुळीच नसलेला, स्लॅग-राखेला अल्कली लावून केलेला मसालाही आहे. ऑस्ट्रेलियात टूवूम्बाच्या विमानतळावर २०१४ मध्ये तसलं काँक्रीट वापरलं गेलं. तरी परांचीवर लोंबकळणाऱ्या गवंड्याच्या हाती कॉस्टिक सोडा द्यायला मी तयार नाही. तो कारखान्यातल्या ओतकामाला शोभतो. कोळसा कमी होत गेला तर राखही कमी होईल, ही शंका रास्त आहे. त्यासाठी भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेलं सिमेंट पुढे आलंय. त्यात क्लिंकर जेमतेम निम्मं. २०२३ पासून त्यालाही भारतीय मानक आहे, १८१८९. पुढच्या सभेत त्याबद्दल कुणी विचारलं, तर मी नमुना घेऊन येईन. तोवर निविदेत पोत्याचं नाव लिहिता, त्याच ओळीत पाणी किती दिवस मारायचं आणि त्याची वही कोण ठेवणार, हेही लिहून घ्या.