खपली धरली म्हणजे जखम भरली?

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘खरचटलं की जखम उघडी ठेवा, पाणी लागू देऊ नका, हळद दाबा. कडक खपली धरली की जखम बरी. पाचव्या दिवशी खपली उचकटा, आतली घाण निघते. आंबट बंद.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पाळण्यासारखं नाही.

आधी ‘उघडी ठेवा’. खपली म्हणजे वाळलेलं रक्त आणि जखमेतून झिरपलेली लस. नवी कातडी जखमेच्या कडांपासून आणि केसांच्या मुळांपासून सरकत येते, आणि सरकायला तिला ओल लागते. वर कडक खपली असली की पेशींना तिच्याखाली, ओल सापडेल तिथून वाट काढावी लागते. त्यात वेळ जातो. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर हे दाखवलं: पातळ फिल्मने झाकलेल्या जखमेवर उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने कातडी आली. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर गुडघ्याची खपली पापडासारखी वाळते. उकिडवं बसलं की मधोमध तडकते आणि पुन्हा रक्त.

‘पाणी नको’ हे सगळ्यात घातक. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड १० मिनिटं सलग दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका, धरलेली गुठळी सुटते. मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली ५ ते १० मिनिटं धुवा. साबण जखमेच्या आजूबाजूला. गाडीवरून घसरून खरचटलं असेल तर बारीक खडी स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढा. राहिलेल्या कणांवर कातडी भरून आली की निळसर-काळे ठिपके कायमचे राहतात. नंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर न चिकटणारं गॉज आणि मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी). पट्टी रोज एकदा बदला, भिजली किंवा मळली तर लगेच. चिकटली तर ओढू नका, पाण्याने भिजवून सोडवा. अंघोळ चालते, मात्र जखम भरेपर्यंत रामकुंडात डुबकी नको: फार वेळ भिजलेली खपली लगदा होऊन सुटते, आणि नदीचं पाणी म्हणजे नळाचं नव्हे.

हळदीतल्या कुरक्युमिनचा जंतूंवरचा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, हे खरं. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण जखमेत रुततात, आणि पिवळ्या थराखाली लाली वाढतेय का ते दिसतच नाही. टूथपेस्ट, चुना, कॉफी यांच्याबद्दल बोलायलाच नको. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून लोकांना ‘जंतू मेले’ असं वाटतं. तो फेस रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज नावाच्या एन्झाइममुळे येतो, आणि रोज ओतलं तर भरून आणणाऱ्या पेशीच मरतात. घरात पडलेली ट्यूब लावण्याआधी तिच्यावर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का बघा. ती स्टेरॉइडं आहेत, जखम भरणं लांबवतात.

‘खपली उचकटा’ तर अजिबात नको. तिच्याखाली घाण नसते, कोवळी कातडी असते. ती खपलीबरोबर निघाली की काम पुन्हा सुरुवातीपासून, आणि व्रणाची शक्यता वाढते. खपली धरलेलीच असेल तर दिवसातून दोनदा जेली लावून मऊ ठेवा. सुटलेली कड कपड्यात अडकत असेल तर तेवढीच कात्रीने कापा. खाज भरताना येतेच. नखं कापा, वरून गार ओला रुमाल ठेवा. उथळ खरचटलेलं साधारण ७ ते १० दिवसांत भरतं. नंतरची गुलाबी कातडी उन्हात काळवंडते, तिथे काही महिने सनस्क्रीन किंवा पूर्ण बाही.

आंबट खाल्ल्याने जखम पिकत नाही, पिकते ती जंतूंमुळे. उलट कोलॅजन, म्हणजे कातडी जोडून धरणारं प्रथिन, तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं. लिंबू, आवळा बिनधास्त खा.

बागेतल्या मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं. छाटणीत कात्रीने किंवा तारेने ओरखडा आला असेल तर वेलीच्या काडीवरचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्या पेस्टिंगला त्या हाताने हात लावू नका. हे रसायन धड कातडीलाही भाजतं. पट्टीवर रबरी हातमोजा घालूनही भागवू नका, ते काम दुसऱ्याला द्या.

पहिले दोन दिवस कडेची हलकी लाली आणि पातळ पिवळसर लस चालते. त्यानंतर दुखणं वाढलं, लाली पसरली, पू किंवा ताप आला, लाल रेघ वर चढू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. मधुमेह्यांनी पायाच्या जखमेसाठी एवढीही वाट बघू नये. मातीने माखलेली जखम असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील, तर ते लगेच घ्या. स्वच्छ, किरकोळ जखमेला ही मुदत १० वर्षांची.